पॅड मिळालं, पण बदलायचं कुठे?

जुलै २०२५ मध्ये शहापूरच्या एका शाळेची बातमी आली. स्वच्छतागृहात रक्ताचे डाग दिसले म्हणून पाचवी ते दहावीच्या मुलींना एकत्र बोलावलं, डागांचे फोटो पडद्यावर दाखवले, कोणाकोणाची पाळी सुरू आहे ते विचारलं. ज्या मुली नाही म्हणाल्या त्यांना कपडे काढायला लावून तपासलं, अशी पालकांची तक्रार होती. पालक शाळेवर धडकले, पोक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखाली गुन्हा दाखल झाला, मुख्याध्यापिकेसह अटका झाल्या.

शहापूर म्हणजे आमचाच ठाणे जिल्हा. त्या आठवड्यात नवी मुंबईतल्या आमच्या कोपरखैरण्याच्या सोसायटीत बायका खालच्या बाकावर बसून या विषयावर पहिल्यांदाच मोकळेपणी बोलल्या. संताप सगळ्यांनाच होता. मला मात्र एक साधी गोष्ट सोडत नव्हती. जिच्या रक्ताचे ते डाग होते, त्या मुलीच्या हाताशी तेव्हा काय होतं? मगभर पाणी होतं का? आतून लागणारी कडी होती का? पॅड टाकायला डबा होता का?

मी डॉक्टर नाही. इथल्याच तुर्भे आणि दिघ्याच्या वस्त्यांमध्ये मुलींसाठी आरोग्याची सत्रं होतात, तिथे काही वर्षं मदतीला जाते. बाकावर निघालेले प्रश्न आणि वस्तीतल्या मुलींचे प्रश्न अगदी सारखे होते. कापडाने इन्फेक्शन होतं का? पॅडने कॅन्सर होतो म्हणतात ते खरं का? जास्त जातं म्हणजे नेमकं किती? ते एकेक करून घेऊ.

मांडव घातला, मांडव उतरवला

गर्भाशयात, म्हणजे बोलीत आपण जिला पिशवी म्हणतो तिच्यात, दर महिन्याला आतून एक मऊ अस्तर तयार होतं. गर्भ राहिलाच तर त्याला रुजायला जागा हवी, म्हणून. लग्नासाठी दारात मांडव घालावा तसं. लग्न झालंच नाही तर मांडव उतरवतात, पुढच्या वेळी नवा घालतात. हा मांडव उतरवणं म्हणजे पाळी. शरीरातली ‘घाण’ बाहेर पडते हे आपण लहानपणापासून ऐकलंय, पण ते खरं नाही. ते रक्त बोट कापल्यावर येणाऱ्या रक्तापेक्षा अशुद्ध नसतं, त्यात फक्त अस्तराचे तुकडे आणि इतर स्राव मिसळलेले असतात.

दोन पाळ्यांमध्ये साधारण २१ ते ३५ दिवसांचं अंतर आणि दोन ते सात दिवस रक्तस्राव, हे नेहमीचं. पाळी नवीन सुरू झालेल्या मुलींचं पहिली एक-दोन वर्षं मागेपुढे होतं. पूर्ण पाळीत सरासरी ३० ते ४० मिलिलिटर रक्त जातं, म्हणजे टपरीवरच्या कटिंगच्या ग्लासाच्या साधारण अर्धं. मुलींना हे खरं वाटत नाही. पण दोन चमचे चहा चादरीवर सांडला तर केवढा डाग पडतो ते आठवा.

मग आजार येतो कुठून?

घरच्या लोणच्याची बरणी डोळ्यासमोर आणा. आंबट, खारट, तेलकट, म्हणून त्यात बुरशी धरत नाही. कोणी ओला चमचा घातला की चार दिवसांत वर पांढरा थर. योनिमार्गाचंही असंच आहे. तिथे दह्यातल्या जंतूंचे भाऊबंद राहतात, ते आम्ल तयार करतात आणि त्या आंबटपणामुळे उपद्रवी जंतूंना थारा मिळत नाही. रक्त आंबट नसतं, म्हणून पाळीच्या दिवसांत हे संरक्षण थोडं सैल पडतं. नंतर ते आपोआप सावरतं. पण त्याच दिवसांत ओलं कापड किंवा भरलेलं पॅड तासन् तास अंगाला चिकटून राहिलं, तर ऊब, ओल आणि बंद जागा, तिन्ही गोष्टी जंतूंना एकत्र मिळतात.

पहिला फटका त्वचेला बसतो. मांड्या घासतात, पुरळ येतं, कातडी सोलवटते. प्रचंड खाज आणि दह्याच्या गोळ्यांसारखं पांढरं जाणं हे बहुधा बुरशीचं लक्षण. पातळ, करडट स्राव आणि माशासारखा वास असेल तर जंतूंचं संतुलन बिघडलेलं असतं. लघवीला सारखं जावंसं वाटतं, जळजळ होते, म्हणजे ज्याला आपण उन्हाळी लागणं म्हणतो, तो लघवीच्या मार्गाचा जंतुसंसर्ग असू शकतो. धन्याचं पाणी पिऊन बरं वाटेलही. पण ताप आला, कंबरेच्या वर पाठीत दुखायला लागलं, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जावं. संसर्ग वर किडनीकडे सरकत असू शकतो.

एक गोष्ट इथेच सांगते, कारण बायकांना बोल लावायला ही माहिती फार वापरली जाते. अंगावरून पांढरं जाणाऱ्या प्रत्येक बाईने स्वच्छता पाळली नाही, असा अर्थ होत नाही. मधुमेह, अँटिबायोटिक गोळ्या, गरोदरपण, जोडीदाराकडून आलेला संसर्ग, कारणं बरीच असतात. आणि दुर्गंधी जावी म्हणून आतून साबणाने किंवा सुगंधी वॉशने धुवू नये. त्याने बरणीतला आंबटपणा आणखी जातो. बाहेरून साधं पाणी पुरतं.

कापड वाईट आणि पॅड चांगलं, असंच ना?

नाही. स्वच्छ धुतलेलं, कडक उन्हात वाळवलेलं सुती कापड त्वचेला उलट मऊ असतं. आपल्या आज्या तेच वापरत होत्या, आणि २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते २४ वयाच्या जवळपास निम्म्या मुलींनी आपण कापड वापरतो असं सांगितलं. (त्यातल्या बऱ्याच जणी पॅडही वापरतात. घरात कापड, बाहेर पॅड.)

प्रश्न येतो कापड धुण्याचा आणि वाळवण्याचा. दिघ्याच्या एका घरात मी पावसाळ्यात गेले होते. दहा बाय दहाची खोली, एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत दोरी. दोरीवर शाळेचा गणवेश, त्यावर टॉवेल, टॉवेलच्या खाली आणखी एक जुना परकर, आणि त्या परकराच्या आत कापडाच्या दोन घड्या. बाहेर चार दिवस झड लागलेली. घडीला हात लावला तर ती गार आणि दमट होती. त्या घरातल्या मुलीला ती दुसऱ्या दिवशी वापरायची होती. ऊन मिळालं तर जंतू मरतात. इथे कापडाला ऊनही नाही आणि वाराही नाही, कारण ते कोणाच्या नजरेला पडता कामा नये. ओडिशातल्या बायकांवर झालेल्या अभ्यासांत कापड पुन्हा वापरणाऱ्यांमध्ये अशा संसर्गांचं प्रमाण जास्त आढळलं, आणि कापड घरात आत, लपवून वाळवण्याशीही त्याचा संबंध दिसला. म्हणून कापड वापरायचंच असेल तर ते साबणाने धुवा, उजळ माथ्याने उन्हात टाका, आणि पावसात निदान इस्त्री फिरवून पूर्ण कोरडं करा.

‘कोरडं’ वाटणारं पॅड

सत्रात आम्ही एक पॅड कात्रीने उभं कापतो. वरचा जाळीचा थर आणि खालचा पाणी न झिरपणारा थर, दोन्ही प्लास्टिकचे. मध्ये लाकडाच्या लगद्याचा कापूस आणि त्यात साखरेसारखे बारीक दाणे. हे दाणे वाटीत काढून वर पाणी ओतलं की पाहता पाहता फुगतात, भिजलेल्या साबुदाण्यासारखे. पिळलं तरी पाणी सुटत नाही. मुली बोट लावून बघतात आणि ‘ई’ करतात. हे एक प्रकारचं प्लास्टिकच आहे, आपल्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरून ठेवणारं.

पॅड भरलं तरी वरून कोरडं वाटतं ते या दाण्यांमुळे. त्यामुळे बदलायची वेळ झाली हे कळत नाही. डॉक्टर चार ते सहा तासांनी बदला म्हणतात, रक्त कमी असलं तरी. टॅम्पॉन, म्हणजे आत ठेवायची कापसाची सुरळी, तर आठ तासांच्या पुढे कधीच ठेवू नये. १९८० च्या सुमारास अमेरिकेत जास्त शोषणाऱ्या टॅम्पॉनमुळे टॉक्सिक शॉक, म्हणजे जंतूंचं विष अंगभर पसरून रक्तदाब कोसळण्याच्या घटना झाल्या आणि त्यात मृत्यूही झाले. हा आजार दुर्मिळ आहे, पण घड्याळ पाळायला तेवढं कारण पुरे.

चार तासांनी बदला, ठीक आहे. कुठे?

आमच्याकडे धुणीभांडी करायला येणाऱ्या मावशी सकाळी साडेसहाला तुर्भ्याहून निघतात. पाच घरं करून दुपारी तीनला परत. साडेआठ तास. एकदा त्या भांडी घासताना ओटीपोट धरून उभ्या राहिल्या. तपासणीत लघवीचा संसर्ग निघाला, वर्षात तिसऱ्यांदा. मी म्हटलं, मावशी, पाणी कमी पिता का? त्या म्हणाल्या, “ताई, पाणी प्यायलं तर जायला लागतं. जाऊ कुठं?” त्या रोज पाच संडास घासत होत्या. त्यातला एकही वापरा असं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. मीही नाही. सहा वर्षं त्या आमच्या घरी येत होत्या, आणि माझ्या मनात हा प्रश्नही आला नव्हता. आजही ते आठवलं की लाज वाटते.

एपीएमसीच्या घाऊक बाजारात भाजी निवडणाऱ्या बायका, ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या कारखान्यांत पॅकिंगला उभ्या राहणाऱ्या मुली, नाक्यावर मजुरीसाठी थांबणाऱ्या, स्टेशनबाहेर गजरे विकणाऱ्या, सगळ्यांचं हेच गणित आहे. त्यांच्या पिशवीत पॅड असतंही. पण ते बदलायला बंद होणारं दार, पाणी, साबण, उजेड, पिशवी अडकवायला खिळा आणि झाकणाचा डबा लागतो. यातली एक गोष्ट नसली की बाकीच्या निरुपयोगी. दार आहे पण पाणी नाही, तर हाताला लागलेलं रक्त घेऊन बाहेर यायचं? पाणी आहे पण डबा नाही, तर वापरलेलं पॅड पर्समध्ये ठेवायचं?

ठाण्याने याचं एक ठोस उत्तर करून दाखवलं आहे. वागळे इस्टेटमधल्या शांतीनगरच्या सार्वजनिक शौचालयात जानेवारी २०२१ मध्ये पाळीसाठी वेगळी खोली सुरू झाली. ठाणे महापालिका आणि म्यूज ही संस्था यांचं ते काम. आत वाहतं पाणी, जेट स्प्रे, साबण, डबा. खर्च सुमारे ४५ हजार रुपये. यात कुठलंही आधुनिक तंत्रज्ञान नाही, एका बाईला पाच मिनिटं काय लागतं याचा विचार कोणीतरी शांतपणे बसून केला एवढंच. माझ्या मते प्रत्येक वस्तीच्या शौचालयात ही खोली हवी, पॅडच्या मशिनच्या आधी. मशिन बसवलं की फोटो काढता येतो, कडी दुरुस्त केली तर कोणाचं लक्ष जात नाही, म्हणून मशिनं बसतात आणि कड्या तुटलेल्याच राहतात.

पण आता रुपयाला पॅड मिळतं ना?

मिळतं. जनऔषधी केंद्रांत ऑगस्ट २०१९ पासून ‘सुविधा’ पॅडची किंमत एक रुपया आहे. त्याआधी, जुलै २०१८ मध्ये पॅडवरचा १२ टक्के जीएसटी देशभर निघाला. आपल्या राज्यात २०१८ च्या महिला दिनी अस्मिता योजना आली, जिल्हा परिषद शाळांतल्या मुलींना पाच रुपयांत आठ पॅड. आशाताईंकडे सहा रुपयांत सहाचं पाकीट मिळण्याची केंद्राची योजना त्याहून जुनी.

हे सगळं चांगलंच आहे. तरी एका घराचा हिशोब करून बघा. आई आणि दोन मुली. पाच दिवस, दिवसाला चार, म्हणजे एकीला वीस आणि घराला महिन्याला साठ पॅड. रुपयाला एक मिळालं तर साठ रुपये, निभतं. पण जनऔषधीचं दुकान जवळ नसेल किंवा तिथला साठा संपला असेल, तर कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून घ्यायचं. तिथे एक पॅड सहा रुपयांना धरलं तरी ३६० रुपये. मग मुली काय करतात? दिवसाला चारच्या जागी दोन वापरतात. सरकारी पाहणीत त्यांची नोंद ‘पॅड वापरणारी’ अशी होते आणि इकडे मांड्या सोललेल्या असतात. शिवाय ग्रामीण योजनेची मुलगी शहरात आली की तिचा लाभ मागे राहतो. गावच्या शाळेतून उठून तुर्भ्याच्या खाणीजवळ राहायला आलेली मुलगी या शाळेची ना त्या शाळेची, असं मी बघितलं आहे.

आणि काऊंटर. मेडिकलवाला अजूनही पॅड वर्तमानपत्रात गुंडाळतो, वर काळी पिशवी चढवतो. दुकानात चार पुरुष उभे असतील तर बारा वर्षांची मुलगी क्रोसीन मागून परत येते.

जिच्याकडे कोणी बघत नाही ती गोष्ट: रक्त

संसर्गाबद्दल निदान बोललं तरी जातं. माझ्या मते आपल्याकडच्या बायकांचं सर्वात जास्त नुकसान होतं ते जास्त रक्त जाण्याने, आणि तो प्रश्न कोणत्याही पॅडने सुटत नाही. उलट चांगलं पॅड तो झाकून ठेवतं.

भिशीचा हिशोब मांडू. एका मिलिलिटर रक्तात जवळपास अर्धा मिलिग्रॅम लोह असतं. जेवणातून शरीराला दिवसाला एक ते दोन मिलिग्रॅम लोह मिळतं, आणि त्यातलं साधारण एक रोजच्या झिजेतच खर्च होतं. म्हणजे महिन्याला फार तर तीसेक मिलिग्रॅम शिल्लक. पाळीत ३५ मिलिलिटर रक्त गेलं तर सतरा-अठरा मिलिग्रॅम लोह गेलं, बरं खाणाऱ्या बाईला हप्ता परवडला. पण ८० मिलिलिटर, म्हणजे पूर्ण कटिंगभर गेलं तर चाळीस. दर महिन्याला दहाची तूट. बाई एका दिवसात आजारी पडत नाही, दोन वर्षांत हळूहळू रिकामी होते. जिना चढताना धाप लागते, केस गळतात, चिडचिड होते, कच्चे तांदूळ किंवा पाटीवरची पेन्सिल खावीशी वाटते. घरात मात्र म्हणतात, हिला कामाचा कंटाळा आहे. त्याच राष्ट्रीय पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला. त्याला कारणं अनेक आहेत, पाळी हे त्यातलं एक मोठं.

८० मिलिलिटर घरी मोजणार कसं? मोजायचं नाही, खुणा बघायच्या. दर एक-दोन तासांनी पॅड पूर्ण भिजतं. रात्री दोन पॅड लावावी लागतात, मध्ये उठावं लागतं. रुपयाच्या नाण्याहून मोठ्या गाठी पडतात. सात दिवसांच्या पुढे जातं. यातलं काहीही दर महिन्याला होत असेल तर महापालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रात जाऊन हिमोग्लोबिन तपासा. १२ च्या खाली म्हणजे रक्त कमी. आणि नुसत्या गोळ्या घेऊन थांबू नका, जास्त का जातंय ते विचारा. थायरॉइड असेल, गर्भाशयात गाठी असतील, तांबी असेल, लहान मुलींमध्ये रक्त गोठण्याचा दोष असेल. बहुतेकांवर औषध आहे. ‘पिशवी काढून टाका’ हा पहिला सल्ला असेल तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या.

शाळेत आठवड्याला मिळणारी निळी गोळी ही लोहाचीच असते. मुली ती खिडकीतून टाकतात, कारण मळमळतं. जेवणानंतर घेतली तर त्रास कमी होतो. जेवणाला लागून चहा नको, त्याने लोह शोषलं जात नाही. पालेभाजीवर लिंबू पिळा.

दुखण्याचंही थोडं. अस्तर सुटताना प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होतात, ती गर्भाशय आवळतात आणि कळ येते. डॉक्टरने सांगितलेली वेदनाशामक गोळी ही रसायनंच कमी करते. ती घेतली की सवय लागते किंवा मूल होत नाही, ही भीती निराधार आहे. पण गोळीनेही थांबत नाही, दर महिन्याला शाळा किंवा काम बुडतं, तर ते ‘सगळ्यांनाच होतं’ म्हणून सोडू नका. जगात पाळीच्या वयातल्या साधारण दहापैकी एका बाईला एंडोमेट्रिओसिस असतो. त्यात अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाच्या बाहेर वाढतात. तो ओळखायलाच कित्येकदा वर्षं जातात.

पॅडने कॅन्सर होतो का? आणि कप?

२०२२ मध्ये दिल्लीच्या टॉक्सिक्स लिंक संस्थेने बाजारातली दहा पॅड तपासली आणि त्यांत थॅलेट (प्लास्टिक मऊ करायला वापरतात ते) व इतर काही रसायनं सापडली. तिथून व्हॉट्सॲपवर कॅन्सरचे संदेश फिरू लागले. रसायन सापडणं आणि त्यामुळे आजार होणं यात अंतर आहे, पॅडमुळे कॅन्सर होतो असं सिद्ध झालेलं नाही. पण जी वस्तू चाळीस वर्षं नाजूक त्वचेला लागून राहते, तिच्यात काय आहे ते पाकिटावर सविस्तर छापलंच पाहिजे, ही मागणी रास्त आहे. तोवर निदान सुगंधी पॅड घेऊ नका. त्या वासाचा उपयोग काहीच नाही, पुरळ मात्र येतं.

कप म्हणजे सिलिकॉनची छोटी वाटी, आत बसवायची, बारा तासांच्या आत रिकामी करायची, पाळी संपली की उकळून ठेवायची. एक कप कित्येक वर्षं चालतो, म्हणून पैशात सर्वात स्वस्त. ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’मध्ये २०१९ साली आलेल्या आढाव्यानुसार तो सुरक्षित आहे आणि गळतीही पॅडपेक्षा जास्त नाही. आयांचा प्रश्न ठरलेला असतो, लग्नाआधी चालेल का? कौमार्य ही काही शरीरातली वस्तू नाही. योनीच्या तोंडाशी असतो तो पातळ पडदा खेळतानाही ताणतो, आणि काहींना जन्मतः जेमतेम असतो. खरी अडचण वेगळीच आहे. कप उकळायला वेगळं भांडं आणि गॅस मोकळा लागतो, रिकामा करायला पाणी आणि एकांत लागतो. ज्या घरातली मुलगी कापड परकरात लपवते, तिला नुसता कप देऊन काय होणार?

वापरलेलं पॅड

संडासात टाकलं की ते साबुदाणे फुगतात आणि पाइप तुंबतो. मग तो कोणीतरी हाताने मोकळा करतो. उघडं कचऱ्यात टाकलं तर सफाई कामगार बाई ते हाताने वेगळं करते. कागदात घट्ट गुंडाळा, वर लाल पेनने खूण करा, ओल्या कचऱ्यात मिसळू नका. उत्पादकांनी टाकण्यासाठी पिशवी पाकिटासोबत द्यावी असं २०१६ च्या घनकचरा नियमांत सांगितलं होतं. ती मिळाली नसेल तर कंपनीला विचारा.

आमच्या सोसायटीत तळमजल्यावर वॉचमनच्या खोलीशेजारी एक संडास आहे, नावाला सगळ्यांचा. दाराला आतून कडी नव्हती, दिवा नव्हता, मावशी लोक तिथे जातच नसत. शहापूरच्या बातमीनंतरच्या सभेत तो विषय काढला. एक काका म्हणाले, बाहेरच्या बायका येऊन बसतील. आमच्याच मजल्यावरच्या काकू उठून म्हणाल्या, त्या बाहेरच्या कशा, तुमचं घर त्याच पुसतात. कडी, बल्ब, दोन खिळे, झाकणाचा डबा आणि साबणदाणी, पंधराशे रुपयांच्या आत झालं. वरच्या टाकीतून पाइप ओढायचं काम अजून बाकी आहे. तोवर सकाळी सहाला दोन बादल्या भरून ठेवायची पाळी मजल्यामजल्याने लावली आहे, आणि या आठवड्यात ती आमच्याकडे आहे.